तीनशे डॉलर आणि पोहण्याचा क्लास

मागच्या रविवारी आमचं २०२५ चं टॅक्स रिटर्न भरून झालं. दरवर्षीसारखंच जेवणाच्या टेबलावर, दुपारची भांडी आवरल्यावर. लॅपटॉप, दोघांचे डब्ल्यू-२ म्हणजे वर्षभराच्या पगाराचे दाखले, मुलांच्या आफ्टर-स्कूलची वर्षभराची पावती आणि माझी हिशोबाची वही, एवढा पसारा. या वेळी नंबर वाचून दाखवायला मोठी बसली होती. ती आता साडेबारा वर्षांची आहे आणि कागदपत्रांत तिला रस वाटू लागलाय. ती एकेक कागद उचलून आकडे सांगत होती, मी टाइप करत होते. बाबांचा नंबर झाला, माझा झाला, धाकट्याचा झाला. स्वतःचा वाचायला घेतला आणि ती थांबली.

"आई, माझा एकटीचाच नऊने सुरू होतो."

खरं आहे. आम्हा तिघांकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे, म्हणजे इथे जन्मलेल्यांना किंवा कामाची परवानगी असलेल्यांना सरकार देतं तो. तिच्याकडे आयटिन आहे, म्हणजे फक्त कर भरण्यापुरता दिलेला नंबर, आणि आयटिन नेहमी नऊनेच सुरू होतो. त्या एका आकड्यामुळे आमच्या घरखर्चात गेली आठ वर्षं काय काय झालं ते मी तिला कधी सरळ सांगितलं नव्हतं. रविवारी सांगितलं. मग वाटलं, इथेही लिहावं. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर अमेरिकेत आलेल्या बऱ्याच मराठी घरांत एक मूल भारतात जन्मलेलं आणि एक इथलं, अशी जोडी असते आणि याबद्दल आपण आपापसात फारसं बोलत नाही.

आम्ही जानेवारी २०१६ मध्ये नाशिकहून न्यू जर्सीला आलो. मोठी तेव्हा अडीच वर्षांची होती. नवऱ्याला नोकरीमुळे सोशल सिक्युरिटी नंबर मिळाला. मी आणि मोठी एच-४ वर, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, म्हणून पहिलं रिटर्न भरताना आम्हा दोघींसाठी डब्ल्यू-७ हा अर्ज भरून आयटिन मागवला. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायचा माझा धीर होत नव्हता. त्यामुळे अपॉइंटमेंट घेऊन करखात्याच्या कचेरीत गेलो आणि तिथेच पासपोर्ट तपासून घेतले. रांगेत मोठी माझ्या खांद्यावर झोपून गेली होती.

त्या वर्षी तिच्या नावावर १,००० डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळालं. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, हे ८०सी सारखं नाही. वजावट उत्पन्नातून जाते आणि मग उरलेल्यावर कर लागतो. क्रेडिट थेट करातूनच वजा होतं. हजाराचं क्रेडिट म्हणजे रोख हजार वाचले. १९९८ मध्ये ४०० डॉलरपासून सुरू झालेलं हे क्रेडिट वाढत वाढत तेव्हा हजारावर आलेलं होतं. आणि मूल इथे राहणारं असेल, तर तेव्हाच्या नियमात आयटिनही चालत होता. शिवाय माणशी ४,०५० डॉलरची वैयक्तिक सूट होती, तीही तिला आमच्याइतकीच मिळायची.

ऑगस्ट २०१७ मध्ये धाकटा झाला, इथेच. दवाखान्यातच फॉर्म भरला आणि काही आठवड्यांत त्याचं सोशल सिक्युरिटी कार्ड टपालाने घरी आलं. त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दोन मुलं, दोन हजार. पहिलं आणि शेवटचं वर्ष, ज्यात आमची दोन्ही मुलं कायद्याच्या लेखी सारखी होती.

डिसेंबर २०१७ मध्ये कायदा बदलला. २०१८ पासून क्रेडिट हजाराचं दोन हजार झालं, पण मुलाकडे सोशल सिक्युरिटी नंबर हवा अशी अट आली. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी 'इतर अवलंबितां'चं ५०० डॉलरचं क्रेडिट ठेवलं. त्याच रकान्यात घरातले म्हातारे आईवडीलही बसतात. वैयक्तिक सूट गेली आणि तिच्या जागी स्टँडर्ड डिडक्शन जवळपास दुप्पट झालं.

खोटं कशाला बोलू, त्या वर्षी आमचा एकूण कर वाढला नाही, उलट कमी झाला. मी वहीत दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते. ८६,००० पगारावर २०१७ च्या नियमांनी साधारण ५,६३० डॉलर कर, २०१८ च्या नियमांनी ४,५६०. हजार-एक डॉलर वाचले. नवरा खूश होता आणि त्याचं बरोबरच होतं. मी मात्र त्या पानावर खाली वेगळं लिहिलं: धाकटा २,०००, मोठी ५००. आदल्या वर्षी दोघांपुढे हजार-हजार होते.

त्या वेळी हा फरक घरखर्चात जाणवत नव्हता, कारण आमच्यासाठी ते पैसे वर्षातून एकदाच, रिफंड म्हणून यायचे. नवऱ्याच्या पगारातून कर पूर्ण कापला जायचा आणि मार्चमध्ये अडीच हजार परत यायचे. आमच्या आळीत आईची भिशी असायची, ती लागली की कसं व्हायचं, अगदी तसं. त्या पैशावर कारचा सहा महिन्यांचा विमा आणि मुलांचे बूट असं ठरलेलं होतं.

२०२० च्या वसंतात कोरोनाची मदत आली, मोठ्या माणसाला १,२०० आणि मुलाला ५००. आमच्या घराला काहीच आलं नाही. नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र आणि त्यात माझा आयटिन, एवढ्या कारणावरून नवरा आणि इथेच जन्मलेला धाकटा, दोघंही बाहेर. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ते दुरुस्त झालं आणि त्या दोघांचे पैसे पुढच्या रिटर्नमधून मिळाले. पण मार्च ते डिसेंबर हे महिने आम्ही पुढे काहीतरी मिळेल या भरवशावर काढले नव्हते, शिलकीतून काढले होते. मदत उशिरा मिळाली तरी मिळाली असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते. घरभाडं उशिराने घेणारा घरमालक आम्हाला भेटलेला नाही.

मग आलं २०२१. ते वर्ष मला पान न पान आठवतंय.

त्या मार्चमध्ये कायदा झाला की एका वर्षापुरतं क्रेडिट वाढेल. सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६००, सहा ते सतरा वयाच्या मुलाला ३,०००. आणि त्यातलं निम्मं रिटर्नची वाट न पाहता जुलै ते डिसेंबर दर महिन्याला खात्यात जमा होईल. लहानांना महिना ३००, मोठ्यांना २५०. १५ जुलै, गुरुवार. सकाळी धाकट्याला दूध देत होते तेव्हा फोनवर बँकेचा संदेश आला. खात्याच्या पानावर नेहमीच्या लांबलचक ओळीच्या शेवटी 'चाइल्डसीटीसी' असं लिहिलेलं होतं. तीनशे डॉलर. मोठी आठ वर्षांची होती, नंबर असता तर तिचेही अडीचशे आले असते.

तीनशे म्हणजे काय ते सांगते. आमच्या हातात तेव्हा महिन्याला साधारण ५,८०० यायचे. भाडं १,७८०. किराणा, भाजी, दूध मिळून साडेसातशे. कारचा हप्ता ३१०. नाशिकला सासऱ्यांच्या औषधांसाठी २५,००० रुपये, म्हणजे सुमारे ३४० डॉलर. विमे, फोन, वीज, गॅस. पुढच्या व्हिसाच्या कामासाठी बाजूला काढून ठेवायचे पैसे. सगळं झाल्यावर हाताशी राहायचे ते कधी दोनशे, कधी चारशे. अशा घरात दर महिन्याच्या पंधरा तारखेला न चुकता येणारे तीनशे ही मोठी गोष्ट असते. वर्षाअखेरचे साडेतीन हजार आणि महिन्याचे तीनशे, हिशोबात जवळपास एकच. पण साडेतीन हजारांवर माणूस एखादं देणं फेडतो किंवा तिकीट काढतो. महिन्याच्या तीनशेवर तो रोजच्या आयुष्यात एखादी नवी सवय लावून घेतो.

आम्ही लावून घेतली. सप्टेंबरपासून धाकट्याला आठवड्यातून तीन सकाळी प्रीस्कूलला घातलं. फी महिना ४२०. तीनशे त्याचे, एकशेवीस आमचे. त्याला तोवर घरात मराठीच येत होतं आणि दोन महिन्यांत तो त्याच्या शिक्षिकेची नक्कल करत इंग्रजीत आम्हाला रांगेत उभं करायला लागला. त्याच वर्षी पाळणाघर-प्रीस्कूलच्या खर्चावरचं वेगळं क्रेडिटही खूप वाढवलं होतं, एका मुलामागे चार हजारांपर्यंत. पण त्यासाठी दोन्ही पालकांची कमाई किंवा पूर्णवेळ शिक्षण लागतं. माझ्या व्हिसावर मला घरचे चार डबेसुद्धा विकता येत नव्हते, तेव्हा तो दरवाजा बंदच होता.

मोठीचं पोहणं आधीपासून सुरू होतं. महिना ९५. ती नुकती खोल पाण्यात जायला लागली होती. घरी आल्यावर टोपी धुवायची, वाळवायची आणि रबर चिकटू नये म्हणून आतून पावडर लावून ठेवायची, हे ती स्वतः करायची. बाथरूममध्ये फरशीवर पावडरचे पांढरे ठसे असायचे आणि मी ओरडायचे.

डिसेंबरमध्ये शेवटचा हप्ता आला. हे पुढे चालू राहील असं बऱ्याच जणांना वाटत होतं, आम्हालाही. चालू राहिलं नाही. १५ जानेवारी २०२२ ला शनिवार होता. मी शुक्रवारी पाहिलं, शनिवारी पाहिलं, सोमवारी सुट्टी होती म्हणून मंगळवारी पाहिलं. कायद्याची मुदत संपली हे मला बातम्यांवरून कळलेलं होतं, तरी पाहत राहिले.

त्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. प्रीस्कूलशी जूनपर्यंतचा करार होता, मध्येच सोडलं तर अनामत बुडणार होती. कारचा हप्ता करारावर, भाडं करारावर, विमे करारावर. नाशिकचे पैसे कमी करायचे नाहीत हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. किराण्यातून शंभर कमी केले, बाहेरचं खाणं बंद केलं. तरी कमीच पडत होतं. महिन्याच्या महिन्याला कधीही थांबवता येईल अशी एकच ओळ त्या पानावर होती. मोठीचं पोहणं, ९५.

या ओळीवरून मी रेघ मारली त्याला आता चार वर्षं झाली. हे क्रेडिट आलं तेव्हा धाकट्याच्या नावाने आलं. मोठीला त्यात मोजलं नव्हतं. ते थांबलं तेव्हा मात्र पहिली कात्री तिच्या खर्चाला लागली, कारण घरखर्चात ज्याचा करार नसतो तेच आधी कापता येतं. सरकारच्या कागदावर मुलं वेगवेगळी असतात, घरात एकच पातेलं असतं.

मी तिला सांगितलं, थोडे दिवस क्लास बंद ठेवूया. तिने का विचारलं नाही. टोपीला पावडर लावून ती खणात सगळ्यात मागे ठेवून आली.

फेब्रुवारीत रिटर्न भरलं, उरलेलं क्रेडिट मिळून २,३०० चा रिफंड आला. त्याच वेळी सासऱ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि नवरा एकटा नाशिकला जाऊन आला. रिफंड त्या तिकिटात आणि दवाखान्यात गेला. त्याबद्दल कणभरही खंत नाही.

त्याच महिन्यात नवऱ्याला ऑफिसमधल्या कोणीतरी सांगितलं की क्रेडिटचे पैसे वर्षभर सरकारकडे ठेवून मार्चमध्ये परत घेण्यापेक्षा दर पगारात घेता येतात. ही माहिती खरी आहे आणि आपल्यातल्या अनेकांना नसते म्हणून सविस्तर लिहिते. नोकरीत डब्ल्यू-४ नावाचा फॉर्म असतो. त्याच्या तिसऱ्या पायरीत तेव्हा, २०२२ मध्ये, सतराच्या आतल्या मुलांची संख्या गुणिले दोन हजार आणि इतर अवलंबित गुणिले पाचशे असं लिहायचं होतं. ती बेरीज वर्षभराच्या पगारांत वाटली जाते आणि तेवढा कर कमी कापला जातो. त्यातून जास्तीचं काही मिळत नाही, आपलेच पैसे आधी हातात येतात एवढंच. पण घर चालवणाऱ्या बाईला विचारा, आधी आणि नंतर यात किती फरक असतो.

नवऱ्याने फॉर्म भरला. मुलं दोन, वय सतराच्या आत, दोन गुणिले दोन हजार, चार हजार. पंधरवड्याच्या पगारात १५४ डॉलर वाढले. महिन्याला तीनशेच्या वर! मार्चमध्ये मी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर मोठीच्या क्लासला फोन केला. तिने खणातून टोपी काढली, ती आखूड झाली होती, नवी घेतली.

चूक आम्हाला कळली ती पुढच्या फेब्रुवारीत, २०२२ चं रिटर्न भरताना. रिफंडच्या जागी हजार डॉलरच्या वर भरायचा आकडा दिसला. मी तीनदा तपासलं. मग डब्ल्यू-४ ची प्रत काढून दुसऱ्या पानावरच्या सूचना वाचल्या. तिथे बारीक अक्षरात आहे की दोन हजारांसाठी मुलाकडे सोशल सिक्युरिटी नंबर हवा. पहिल्या पानावरच्या ओळीत फक्त वय आहे. नवऱ्याने ओळ वाचली आणि आपल्याला किती मुलं आहेत ते लिहिलं. कोणत्याही बापाने हेच लिहिलं असतं.

खरा आकडा अडीच हजार होता. म्हणजे पंधरवड्याला ९६, १५४ नव्हे. मधले ५८ डॉलर हे मोठीला धाकट्याइतकं धरल्याचे होते. तिचा पोहण्याचा क्लास वर्षभर ज्या पैशावर चालला तो तिला पूर्ण मोजल्यामुळे आला होता आणि तो परत करायचा होता. आम्ही शिलकीतून भरला. दंड लागला नाही, कारण आदल्या वर्षीच्या करापेक्षा जास्त रक्कम आधीच कापली गेली होती. नव्या डब्ल्यू-४ वर मी स्वतः आकडे लिहिले, नवऱ्याने सही केली. तुम्ही असाच फॉर्म भरला असेल तर कृपया आज काढून पाहा.

आमचं निभावलं. आमच्या हातात निदान पगार होता. मुलाच्या शाळेच्या बसथांब्यावर मला एक आई भेटायची, दोन मुलं, एकटीने वाढवणारी. तिला विचारूनच तिचा हिशोब इथे लिहितेय. तिची दोन्ही मुलं इथली, नंबर असलेली, एक सहाच्या आतलं आणि एक वरचं. २०२१ मध्ये तिला जुलैपासून महिना साडेपाचशे आले, वर्षाचं क्रेडिट ६,६००. त्या वर्षी नियमच असा होता की कमाई कितीही कमी असो, अगदी शून्य असो, क्रेडिट पूर्ण मिळेल. २०२२ मध्ये तिची आई अंथरुणाला खिळली, तिचे कामाचे तास गेले आणि वर्षभरात ९,००० च कमाई झाली. जुने नियम परत आले होते. ते असे: ज्याचा कर शून्य त्याला क्रेडिट रोखीत मिळतं, पण कमाईतल्या पहिल्या अडीच हजारांनंतरच्या रकमेच्या फक्त १५ टक्के. नऊ हजारांतून अडीच हजार गेले, राहिले साडेसहा, त्याचे पंधरा टक्के ९७५. दोन मुलांचे मिळून. कमी कमाईवाल्यांचं अर्न्ड इन्कम क्रेडिट तिला वेगळं मिळालं, तेवढाच आधार. तरीही ६,६०० वरून ९७५, आणि तेही ज्या वर्षी कमाई पडली नेमकं त्याच वर्षी. शिवाय ही रोखीची क्रेडिट्स असलेले रिफंड कायद्यानुसार फेब्रुवारीच्या मध्याआधी सोडताच येत नाहीत. जानेवारीचं भाडं तिने बहिणीकडून उसने घेऊन भरलं.

सरकारच्याच जनगणना विभागाचे आकडे आहेत. मदत आणि कर धरून मोजलेली मुलांमधली गरिबी २०२१ मध्ये ५.२ टक्के होती, २०२२ मध्ये १२.४ टक्के झाली. एका वर्षात दुपटीच्या वर. मी हा आकडा वाचला तेव्हा मला बसथांब्यावरची तिची पिशवी आठवली. पैसे येत होते त्या सहा महिन्यांत त्या पिशवीत मुलांसाठी फळं असायची.

जानेवारी २०२४ मध्ये प्रतिनिधी सभेत ३५७ विरुद्ध ७० मतांनी एक विधेयक मंजूर झालं, कमी कमाईवाल्यांना थोडं जास्त मिळावं म्हणून. मी ती मोजणी पाहत जागी होते. सिनेटमध्ये ऑगस्टला ते अडकलं, ४८ विरुद्ध ४४, पुढे जायला ६० लागतात. आमचा त्यात काही फायदा नव्हता. तिचा होता.

माझं मत स्पष्ट आहे. मुलांच्या नावाने द्यायचं असेल तर महिन्याच्या महिन्याला द्यावं, कमाई बुडालेल्यांना आधी द्यावं, आणि त्याच घरात, त्याच छताखाली, त्याच करदात्याच्या ताटातलं खाणाऱ्या मुलाला नंबरवरून पाव हिश्श्यावर ठेवू नये. नवऱ्याचा कर आमच्या दोन्ही मुलांसाठी सारखाच कापला जातो.

२०२३ मध्ये माझा काम-परवाना आला आणि त्याबरोबर सोशल सिक्युरिटी नंबरही. आमच्यात एच-४ वरच्या जोडीदाराला परवाना मिळू शकतो, मुलांना नाही. म्हणून घरात आता मोठी एकटीच उरली. मी एका दंतवैद्याकडे फ्रंट डेस्कला लागले. दोन्ही मुलं आफ्टर-स्कूलला जायला लागली, आणि मग मला फॉर्म २४४१ सापडला.

हा मुलांच्या देखभालीच्या खर्चाचा फॉर्म. आता दोघांची कमाई होती म्हणून आम्ही पात्र होतो. एका मुलासाठी ३,००० पर्यंतचा खर्च धरतात, दोन किंवा जास्त मुलांसाठी ६,००० पर्यंत, आणि आमच्या उत्पन्नाला तेव्हा त्याचे २० टक्के मिळायचे, म्हणजे १,२००. मी सवयीने सूचना शेवटपर्यंत वाचल्या. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटिन लिहा, असं तिथे आहे. एवढंच, पुढे काही अट नाही. एकाच रिटर्नमध्ये एका फॉर्मवर मोठी धाकट्याच्या चौथ्या हिश्श्याची आणि दुसऱ्यावर त्याच्या बरोबरीची. मी त्या दिवशी ओट्याशी उभी राहून रडले. नवऱ्याला वाटलं, पुन्हा काही भरायचं निघालं.

तेही आता फार दिवस नाही. या जूनमध्ये ती तेरा पूर्ण करेल आणि तिथून पुढचा तिचा खर्च या फॉर्मवर चालणार नाही.

४ जुलै २०२५ ला नवा कायदा झाला. तो झाला नसता तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट २०२६ पासून पुन्हा हजारावर गेलं असतं, ही भीती गेली. २०२५ साठी ते २,२०० झालं आणि पुढे महागाईनुसार वाढेल. मुलाबरोबर आता निदान एका पालकाकडेही सोशल सिक्युरिटी नंबर हवा, तो आमच्याकडे आहे. नसलेली घरं मला माहीत आहेत. त्यांचं इथे जन्मलेलं मूलही आता या क्रेडिटच्या बाहेर आहे.

इतर अवलंबितांचं पाचशे मात्र पाचशेच राहिलं, आणि ते महागाईला जोडलेलं नाही. २०१८ मध्ये मोठी पाच वर्षांची होती तेव्हा ५००. आज तिला माझ्या मापाचे बूट लागतात, तरी ५००.

तिला नऊशिवायचा नंबर मिळेल तो ग्रीन कार्डाच्या कामात. त्या रांगेतली आमची तारीख २०२० ची आहे आणि आमच्या वर्गात भारतीयांची रांग २०२६ च्या सुरुवातीला २०१३ च्या आसपास होती. ३० जून २०३० ला ती सतराची होईल. सतरा पूर्ण झालेल्या वर्षापासून हे क्रेडिट मिळतच नाही. वहीत मी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहिले आणि वजाबाकी केली नाही.

रविवारी हे सगळं तिला सांगितलं. करार, कात्री, डब्ल्यू-४ ची चूक, १५४ आणि ९६. तिने मध्ये मध्ये प्रश्न विचारले. टोपी आठवते का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "हो, निळी. पण मला वाटलेलं मी डाइव्हला घाबरले म्हणून तुम्ही बंद केलं."

चार वर्षं ती असं समजत होती. मी टाइप करायचं सोडून तिचा हात धरला. नाही गं, म्हटलं, अजिबात नाही. पैसे नव्हते.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग स्क्रीनकडे बघून तिने स्वतःचा नंबर पुन्हा पहिल्यापासून वाचला, नऊपासून. मी भरला. धाकट्यासमोर २,२००, तिच्यासमोर ५०० असं आलं. ती म्हणाली, "स्विम मीटची फी पंच्याऐंशी आहे. शुक्रवारपर्यंत द्यायची."

मी वही ओढली आणि या महिन्याच्या पानावर, भाड्याच्या लगेच खाली, लिहिलं: मोठी, मीट, ८५.